विहिरीवर कोणी हरकत घेतली नाही: 'तमस', जानेवारी १९८८

९ जानेवारी १९८८, शनिवार. त्या रात्री दूरदर्शनवर गोविंद निहलानींची 'तमस' ही मालिका सुरू झाली आणि पंधरवड्याच्या आत ती मुंबई उच्च न्यायालयात पोहोचली. फाळणीच्या आधीच्या दंगली दाखवून ही मालिका जुन्या जखमा उकरते, दोन धर्मांत तेढ वाढवते, शांतता धोक्यात आणते, म्हणून प्रसारण थांबवा, असं याचिकेत म्हटलं होतं. एका न्यायमूर्तींनी स्थगिती दिली, दोन न्यायमूर्तींच्या पीठाने मालिका स्वतः पाहून ती उठवली आणि फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने प्रकरणावर पडदा टाकला. बाहेर रस्त्यावर निदर्शनं चालू होती. निहलानींना पोलीस संरक्षणात वावरावं लागत होतं.

हा खटला अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या चर्चेत आजही निघतो आणि निघायलाच हवा. मला मात्र त्या वादात जे आलंच नाही त्याबद्दल लिहायचं आहे. मशिदीच्या पायरीवर डुक्कर कोणी टाकलं, ते दाखवावं की नाही, दोष कोणत्या समाजाच्या पदरी पडतो, यावर लोक हमरीतुमरीवर आले. त्याच मालिकेत गुरुद्वारातल्या बायका लेकरांना कडेवर घेऊन रांगेने विहिरीत उड्या टाकतात. त्या विहिरीवर एकाही पक्षाची हरकत नव्हती. मालिकेचे विरोधक आणि समर्थक दोघेही तिथे हात जोडून उभे राहिले.

भिवंडीहून रावळपिंडीकडे

भीष्म साहनींची मूळ कादंबरी सत्तरच्या दशकातली. तिला १९७५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिची कळ दाबली गेली ती आपल्या भिवंडीत. ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीपासून तिथे दंगल पेटली, जळगाव आणि महाडलाही तिची झळ लागली आणि पुढे न्यायमूर्ती मादन आयोगाने चौकशी केली. दंगलीनंतर भाऊ बलराज साहनींबरोबर भीष्मजी भिवंडीत गेले. यंत्रमागांच्या त्या गावातली उजाड वस्ती बघताना त्यांना मार्च १९४७ ची रावळपिंडी आठवली. तिथे दंगलीनंतरच्या मदत समितीत त्यांनी काम केलं होतं. किती मेले, किती घरं जळाली, कोणाचं काय गेलं, याच्या याद्या करण्याचं काम. कादंबरीच्या शेवटी आकडे गोळा करणारा एक बाबू येतो. 'मला फक्त आकडे सांगा, कहाण्या नकोत' असा त्याचा सूर असतो. त्याच्या टेबलापलीकडची माणसं भीष्मजींनी डोळ्यांनी पाहिलेली होती.

निहलानींचा जन्म कराचीचा, १९४० चा. फाळणीने त्यांचं घर उठवलं तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. म्हणजे मालिकेच्या दोन्ही टोकांना निर्वासित माणूस आहे. हरनामसिंग या म्हाताऱ्या शीख चहावाल्याची भूमिका तर खुद्द भीष्म साहनींनीच केली. लेखक स्वतःच्या गोष्टीत बायकोचा हात धरून रात्रीचा रान तुडवतो आहे, हे ठाऊक असलं की तो प्रसंग वेगळाच लागतो. भिवंडीपासून जवळ, कल्याणच्या लष्करी छावण्यांत, सिंधमधून आलेल्या हजारो माणसांनी संसार मांडले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. त्यामुळे मुंबईच्या न्यायालयात हा वाद येणं नुसता योगायोग नव्हता. फाळणी इथे शेजारी राहायला आली होती.

विहीर

सय्यदपूर गावातला गुरुद्वारा. आजूबाजूचे शीख तिथे जमले आहेत. बाहेर वेढा. आतली माणसं हल्लेखोरांना शेजारची माणसं म्हणून ओळखतात, पण बोलताना त्यांना 'तुर्क' म्हणतात. भीष्मजींनी हे फार बारकाईने टिपलं आहे. १९४७ चं भांडण दोनतीनशे वर्षांपूर्वीच्या लढाईच्या वेषात लढलं जातंय. गुरुद्वारातल्या प्रत्येकाला आपण कुठल्या पोवाड्यात उभे आहोत हे माहीत आहे, आणि एकदा पोवाडा माहीत असला की त्यात बाईने काय करायचं तेही ठरलेलं असतं.

आतल्या शिखांचा पुढारी तेजासिंग म्हणजे अमरीश पुरी. त्यांचा आवाज, ती उंची. पुरुष तहाची बोलणी करतात आणि बोलणी येऊन ठेपतात पैशांवर. किती दिले तर वेढा उठेल, याची घासाघीस. ती फिसकटते. मग जसबीर कौर पुढे होते. हरनामसिंग आणि बंतोची ही लेक. उत्तरा बावकरांनी जसबीर केली आहे. मराठी प्रेक्षकाने त्यांना पुढे सुमित्रा भावे यांच्या चित्रपटांत पाहिलं, 'दोघी'मधली आई तर विसरताच येत नाही. इथे त्यांचा चेहरा शांत होत जातो. बायका तिच्यामागून निघतात, ओठांवर नामस्मरण, आणि एकीमागून एक विहिरीत.

हे दृश्य मी पुन्हा पाहिलं तेव्हा मनात दोन गोष्टी एकदम आल्या. पहिली म्हणजे हे ताकदीचं चित्रण आहे, अंगावर येतं. दुसरी म्हणजे इतक्या ताकदीनेच ते आपल्याला प्रश्न विचारू देत नाही. प्रार्थनेचा सूर, रांगेची शिस्त, चेहऱ्यावरचं तेज, सगळं मिळून ते देवळातल्या सोहळ्यासारखं होतं. कडेवरच्या पोराला कोणी विचारलं होतं का? रांगेतल्या एखादीचे पाय मागे ओढले गेले असतील का? सोहळ्यात असं विचारणं अभद्र ठरतं. 'तमस'मध्ये इतर सगळीकडे निहलानी अभद्र प्रश्न विचारतात. काँग्रेसच्या प्रभातफेरीला, मुस्लीम लीगला, हिंदू तरुणांच्या आखाड्याला, इंग्रज साहेबाला, कोणालाही ते सोडत नाहीत. विहिरीच्या काठाशी मात्र त्यांचा कॅमेरा चपला काढून उभा राहतो.

कादंबरीत या सोहळ्याला दोन फटके बसतात. उड्या पडून गेल्यावर सरकारचं विमान त्या मुलखावरून घिरट्या घालतं आणि दंगल थांबते. तेवढ्यानेच. जे विमान आदल्या दिवशी आलं असतं तर विहिरीत पाणीच राहिलं असतं. दुसरा फटका त्या आकडेवाल्या बाबूच्या टेबलावर बसतो. एक सरदारजी त्याच्या मागे लागतो. बायको विहिरीत गेली, तिच्या हातात सोन्याच्या बांगड्या होत्या, गळ्यात साखळी होती. प्रेतं आता फुगून वर आली आहेत, बांगड्या काढता येतील, सोबत माणूस द्या. तो खलनायक नाही. सगळं गमावलेला, पोटाची भ्रांत पडलेला माणूस आहे. पण कालची शहीद आज त्याच्या बोलण्यात किती तोळ्यांची झाली, हे वाचताना पोटात खड्डा पडतो. हौतात्म्याची भाषा बाईच्या मरणानंतर किती दिवस टिकते, याचा इतका निर्दय हिशेब मी दुसरीकडे वाचलेला नाही.

थोहा खालसा

सय्यदपूर काल्पनिक, पण विहीर खरी. रावळपिंडी जिल्ह्यातल्या थोहा खालसा गावात मार्च १९४७ मध्ये सुमारे ९० बायकांनी विहिरीत उड्या घेतल्या. 'स्टेट्समन' या इंग्रजी दैनिकाने १५ एप्रिलला ती बातमी छापली. त्या बातमीत एक वाक्य असं होतं की तीन बायका वाचल्या, कारण सगळ्यांना बुडवण्याएवढं पाणी विहिरीत उरलं नव्हतं.

त्या वाचलेल्यांचं काय झालं? १९९८ मध्ये फाळणीतल्या बायकांच्या आठवणींवरचं उर्वशी बुटालियांचं पुस्तक आलं, त्याच वर्षी रितू मेनन आणि कमला भसीन यांचंही. तोवर हा प्रश्न फारसा कोणी जाहीरपणे विचारला नव्हता. बुटालियांशी बोललेली एक वृद्धा त्या विहिरीत पुन्हा पुन्हा उतरलेली होती, बुडली नव्हती. विहीर भरली होती. तिच्या कुटुंबातल्या मुलीला बापानेच तलवारीने मारलं होतं. पहिला वार नीट बसला नाही तेव्हा मुलीने स्वतःची वेणी बाजूला केली, असं तिचा भाऊ सांगतो. अभिमानाने सांगतो. दिल्लीच्या एका गुरुद्वारात थोहा खालसातले लोक दरवर्षी या मृतांची आठवण करतात, त्यांना शहीद म्हणतात. त्या सभेत वाचलेल्या बायकांना मात्र बोलायला जागा नसते, कारण कथा पूर्ण व्हायला त्यांनी मरायला हवं होतं.

इथे जपून बोलायला हवं. वेढ्याबाहेर उभी असलेली भीती खरी होती. पकडल्या गेलेल्या बायकांचं काय होत होतं ते आतल्यांना माहीत होतं, आणि त्या रात्री काय योग्य होतं हे आज पंख्याखाली बसून ठरवण्याचा अधिकार कोणालाच नाही. जसबीरने उडी का घेतली, हा माझा प्रश्नच नाही. पुरुषांपुढे लढायचं, तह करायचा, पळायचं, धर्म बदलायचा, असे चारपाच रस्ते होते. जसबीरचा भाऊ इक्बालसिंग जिवाच्या भीतीने इक्बाल अहमद होतो, जगतो. त्याची विटंबना भीष्मजींनी तपशिलात लिहिली आहे, पण तो जगतो. बाईपुढे रस्ता एकच ठेवलेला होता, आणि तो तिने स्वतः निवडला असं सगळे म्हणतात. गांधीजींनीसुद्धा सप्टेंबर १९४७ मध्ये प्रार्थनासभेत अशा मरणांचं कौतुक केलं होतं. ज्या माणसाने दंगलग्रस्त नौखालीत अनवाणी चालून बायकांना धीर दिला, त्यालाही या एका ठिकाणी दुसरी भाषा सापडली नाही. मग दूरदर्शनच्या मालिकेला ती कुठून सापडणार?

त्या वर्षीची हवा

मालिका आली तो काळही बघायला हवा. ४ सप्टेंबर १९८७ ला राजस्थानातल्या देवराळा गावी अठरा वर्षांची रूपकुंवर नवऱ्याच्या चितेवर जळाली. तिच्या सती जाण्याच्या गौरवासाठी भरलेल्या चुनरी महोत्सवाला लाखोंची गर्दी झाली. डिसेंबरात संसदेने सतीविरोधी नवा कायदा केला आणि त्यात सतीचं उदात्तीकरण हा गुन्हा ठरवला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर बायका प्रार्थना म्हणत विहिरीकडे चालू लागल्या.

देवराळा आणि थोहा खालसा एक नव्हेत. एकीकडे सशस्त्र वेढा होता, दुसरीकडे सासरचं अंगण. पण बघणाऱ्याचे हात दोन्हीकडे सारखेच जोडले जातात, आणि ही सवय १९८७-८८ मध्ये आपल्या घराघरांत रोज पाजली जात होती. रविवारी सकाळी रामानंद सागरांचं 'रामायण' चालू होतं. जुलै १९८८ मध्ये ते संपलं. त्यातली अग्निपरीक्षाही याच वर्षीची. सागरांनी छायासीतेचा आधार घेतला, अग्नीत गेली ती छाया, आणि तीही खरी सीता परत मिळवण्यासाठी, असा खुलासा केला. खुलासा करावासा वाटला, हे महत्त्वाचं. म्हणजे कुठेतरी खटकत होतं. 'तमस'च्या विहिरीला असा खुलासाही लागला नाही.

मराठी प्रेक्षक या बाबतीत इतरांहून शहाणा होता असं समजायचं कारण नाही. थेऊरला चिंतामणीच्या दर्शनाला गेलेला माणूस वाकडी वाट करून रमाबाईंच्या सतीस्थळावर फूल वाहतो. १७७२ मधलं माधवराव पेशव्यांचं अकाली जाणं आणि त्यांच्या मागून रमाबाईंचं चितेवर चढणं, ही आपली घरोघरची करुण कथा. पानिपतानंतर अकरा वर्षांनी माधवरावही गेले, त्या दुःखाला आपण रमाबाईंच्या ज्वाळेत एक आकार दिला. मोठा आघात सोसलेला समाज स्वतःला सावरायला अशा कथा करतो. त्या कथेत पुरुषाचा पराभव असतो, आणि तो झाकायला बाईचं पावित्र्य पांघरलं जातं. गुरुद्वारात तह फिसकटला होता, शस्त्रं कमी पडली होती, गाव हरला होता. हरलेल्या गावाच्या नावावर नंतर उरलं काय, तर विहीर.

न्यायालयात

आता खटला. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी मालिका पूर्ण पाहिली आणि मग निर्णय दिला. आज हे साधं वाटेल. पण न बघता बंदी मागणाऱ्यांच्या देशात न्यायाधीशांनी आधी बघणं ही मोठीच गोष्ट होती. १६ फेब्रुवारी १९८८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सब्यसाची मुखर्जी आणि न्यायमूर्ती एस. रंगनाथन यांनी याचिका फेटाळली. निकालाचा गाभा असा की कलाकृतीचा परिणाम जोखायचा तो शहाण्या, खंबीर, धीट माणसाच्या नजरेने. ज्याला प्रत्येक गोष्टीत धोका दिसतो अशा हळव्या मनाच्या नजरेने नव्हे. हा निकष न्यायमूर्ती विवियन बोस यांनी पूर्वीच नागपूरला एका निकालात मांडला होता. मालिका इतिहासाकडे नेते, तो कधी अप्रिय असतो, पण शिकवणारा असतो, असंही न्यायालयाने म्हटलं.

निकाल चांगलाच आहे. त्याच्या आधारावर पुढे कितीतरी चित्रपट वाचले. पण त्याच्या चौकटीत मावतं ते एवढंच: हे पाहून प्रेक्षक दुसऱ्यावर हात उचलेल का? डुक्कर या चौकटीत येतं, जळणारी मंडी येते, भोसकलेला अत्तरवाला येतो. विहीर येत नाही, कारण विहिरीतल्या बाईने दुसऱ्या कोणाला इजा केलेली नाही. तिने शांतता मोडली नाही. स्वतःला संपवणारी बाई सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका नसते. कायद्याला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. याचिकाच ज्या प्रश्नावर होती त्याचं उत्तर न्यायालयाने दिलं. प्रश्नच कोणी मांडला नव्हता.

कोंबडी

लिंगभावाच्या अपेक्षा म्हटलं की आपण बायकांकडे वळतो. पण 'तमस'मध्ये पुरुष घडवण्याचीही एक कार्यशाळा आहे, आणि तिथे मालिका फार धारदार होते. पंधराएक वर्षांचा रणवीर. हिंदू तरुणांच्या दलात त्याला यायचंय. मास्तर त्याच्या हाती सुरी देतात आणि समोर कोंबडी. मान काप. पोराला उलटी होते. मास्तर थोबाडीत देतात. पुन्हा सुरी. शेवटी कोंबडी अर्धवट कापली जाते, फडफडत राहते, आणि पोरगा परीक्षेत पास होतो. पुढे याच टोळीतला त्याच्याहून लहान इंदर एका म्हाताऱ्या अत्तरवाल्याच्या मागे लागतो. म्हातारा पोराशी मायेने बोलतो, कानात घालायला अत्तराचा बोळा देऊ करतो. पोरगा त्याच्या पोटात सुरा घालतो.

जसबीरच्या उडीत आणि रणवीरच्या सुरीत एकच शाळा आहे. मुलाला दया गिळायला शिकवतात, मुलीला जीव. फरक एवढाच की रणवीरचं शिक्षण बघताना मालिका आपल्याला शिसारी आणते, आणि जसबीरचं बघताना भक्ती. निहलानींनी कोंबडीकडे ज्या नजरेने पाहिलं, त्याच नजरेने विहिरीकडे पाहिलं असतं, तर मला वाटतं १९८८ मध्ये खरोखरच दंगा झाला असता, आणि तो वेगळ्या लोकांनी केला असता.

राजो

'तमस' ज्यांनी तेव्हा पाहिली त्यांना विचारा. मी बऱ्याच जणांना विचारलं आहे. डुक्कर मारायला लावलेला ओम पुरींचा नत्थू आणि अंधाऱ्या खोलीत त्याला दमवणारं ते डुक्कर आठवतं. विहीर आठवते. सुरुवातीची, वनराज भाटियांच्या संगीतातली ती काळीज चिरणारी हाक आठवते. राजो फार थोड्यांना आठवते.

हरनामसिंग आणि बंतो (दीना पाठक) यांचं चहाचं दुकान लुटलं, जाळलं गेलंय. रात्रभर चालून पहाटे ते एका अनोळखी गावात एक दार ठोठावतात. घर मुसलमानाचं. दार उघडते ती राजो, सुरेखा सिक्री. पुरुष घरी नाहीत, तुम्ही जा, असं आधी म्हणते. मग त्यांना थांबवते, आत घेते. ताक देते, माळ्यावर लपवते. सुनेला हे पसंत नाही. थोड्या वेळाने नवरा एहसान अली लुटीची एक ट्रंक घेऊन येतो. सून कुलूप फोडायला बसते, आणि वरून आवाज येतो: कुलूप कशाला तोडतेस मुली, ही घे किल्ली, ट्रंक आमचीच आहे. हरनामसिंग आणि एहसान अली एकमेकांना ओळखतात, पूर्वी देणंघेणं झालेलं. एहसान अलीला मान वर करवत नाही.

रात्री राजो त्या दोघांना गावाबाहेर पोचवते. ट्रंकेतल्या दागिन्यांची पुरचुंडी बंतोच्या हाती ठेवते; पुढे अडीअडचणीला लागतील म्हणून. आपण यांना वाचवतोय की मरणाच्या तोंडी देतोय हे आपल्याला माहीत नाही, असं तीच म्हणते. तिला थोरपणाचा भास नाही. नवऱ्याशी, मुलाशी, सुनेशी, गावाशी तिने वाकडं घेतलं, आणि सकाळी ती त्याच घरात त्याच माणसांना जेवू घालणार आहे.

बायकांच्या दागिन्यांचं काय होतं ते या कथेत दोनदा येतं. एकदा विहिरीतून काढण्यासाठी, एकदा परत देण्यासाठी. भीष्मजींनी हे मुद्दाम केलं की आपसूक झालं, कोण जाणे. पण दंगलीत बाईने काय करावं, याची 'तमस'कडे दोन उत्तरं आहेत, जसबीर आणि राजो. सुरेखा सिक्रींना या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, म्हणजे पारख असणाऱ्यांनी तिला ओळखलं. समाजाने आठवणीत ठेवली ती जसबीर. राजोची ना समाधी, ना वार्षिक सभा. तिने केलं ते तिच्या नवऱ्याच्या नजरेत विश्वासघात होतं, आणि हरनामसिंगाच्या समाजाला ते सांगणं अडचणीचं होतं. दोन्हीकडच्या पोवाड्यांत ती बसत नाही.

उचलून नेलेल्यांची गोष्ट

कादंबरीत प्रकाशो नावाची एक ब्राह्मण मुलगी आहे. अल्लारखा तिला उचलून नेतो. आकडेवाल्या बाबूच्या टेबलाशी तिचे आईबाप बसले आहेत. मुलगी कुठे आहे ते माहीत आहे, आणायला माणसं पाठवता येतील, असं त्यांना सांगितलं जातं. आई म्हणते, आता येऊन काय करील, तिच्या तोंडात काय काय घातलं असेल. तिच्या वाट्याला थोडीच पानं येतात. विहिरीला अख्खा प्रसंग आणि प्रकाशोला टेबलाचा कोपरा.

खऱ्या फाळणीत प्रकाशो विहिरीतल्या बायकांहून कितीतरी पटींनी जास्त होत्या. भारत सरकारच्या अंदाजाने भारतात पन्नास हजारांच्या आसपास मुसलमान बायका आणि पाकिस्तानात तेहेतीस हजार हिंदू-शीख बायका अडकल्या होत्या. ६ डिसेंबर १९४७ ला दोन्ही देशांत त्यांना परत आणायचा करार झाला. मृदुला साराभाई, कमलाबेन पटेल यांच्यासारख्या कार्यकर्त्या गावोगाव फिरल्या. १९४९ मध्ये कायदा झाला आणि त्यात 'पळवलेली व्यक्ती' कोण ते ठरवलं: सोळा वर्षांखालचा मुलगा, किंवा कोणत्याही वयाची स्त्री. चाळीस वर्षांची बाई आणि दहा वर्षांचा मुलगा कायद्यापुढे सारखे, दोघांनाही स्वतःचं कळत नाही. कित्येकींनी परत जायला नकार दिला, कोणी नव्या संसारात रुळल्या होत्या, कोणाला पोरं झाली होती, कोणाला प्रकाशोच्या आईसारखं कोणी म्हणेल याची खात्री होती. त्यांना विचारलं गेलं नाही. हा कायदा १९५७ पर्यंत चालला आणि दोन्हीकडून मिळून सुमारे तीस हजार बायका परत केल्या गेल्या.

यांच्यावर मालिका झाली ती सीमेपलीकडे. २०१० मध्ये पाकिस्तानच्या हम टीव्हीवर 'दास्तान' आली, रझिया बट यांच्या 'बानो' कादंबरीवरून. भारतातही ती २०१५ मध्ये 'वक्त ने किया क्या हसीं सितम' या नावाने झिंदगी वाहिनीवर लागली. लुधियानाची बानो, सनम बलोचने केलेली, फाळणीत घरदार गमावते, बसंतसिंग नावाचा शीख तिला घरात डांबतो, तिला मूल होतं, आणि पाकिस्तानात जायचं एवढ्या एका वेडावर ती जिवंत राहते. शेवटी पोचते, आणि तिथलाच एक माणूस तिच्यावर हात टाकतो. ती त्याला मारते आणि तिचं मन कायमचं ढळतं.

'दास्तान' एकांगी आहे. अत्याचार करणारा बहुतेक वेळा परधर्मी, सोसणारे आपले. 'तमस'चा तोल तिच्यात नाही. तरी एका बाबतीत ती 'तमस'च्या पुढे जाते: तिची नायिका विहिरीत उडी मारत नाही आणि कॅमेरा तिला सोडून जात नाही. बाई वाचली तर दुसऱ्या दिवशी काय, तिसऱ्या वर्षी काय, मुलाचं काय, घरी परतल्यावर काय, हे सगळं ती बघते. मात्र तिलाही शेवट सुचत नाही. वाचलेल्या बाईला साधं आयुष्य देणं पटकथेला जमत नाही, म्हणून बानो वेडी होते.

'तमस'च्या शेवटी गरोदर कर्मो (दीपा साही) छावणीत नत्थूचं प्रेत ओळखते आणि तिथेच बाळंत होते. बाहेर दोन्हीकडच्या घोषणा आहेत आणि बाळाचं रडणं आहे. नत्थू कातडी कमावणारा, डुक्कर मारायला लावला गेलेला, कोणाच्याच पोवाड्यात न बसणारा. त्याची बायकोही तशीच. तिच्या जातीच्या बाईकडून कोणी जौहराची अपेक्षा केली नव्हती, म्हणून तिला जगायची मुभा राहिली. पुढची पंधरावीस वर्षं तिने कुठल्या छावणीत काढली, कोणाच्या घरची भांडी घासली, त्या पोराला त्याच्या बापाबद्दल काय सांगितलं, यावर एक मालिका सहज होईल. तीत विहीर नसेल, त्यामुळे हात जोडायची सोय नसेल. कोणत्या वाहिनीने ती घ्यावी, हे मात्र मला सुचत नाही.